अकरा मार्चचा मंगळवार

१

गुरुवारी सकाळी सात वाजता चंपतराव ठवकरांनी क्लबचं लोखंडी कपाट उघडलं, तेव्हा वरच्या फळीवरची हिरवी फाइल जागेवर नव्हती.

फाइल क्वाबेनाची होती. क्वाबेना असारे, राहणार कुमासी, देश घाना. त्या फाइलीत त्याच्या जन्माचा मूळ दाखला होता, दवाखान्याच्या शिक्क्याचा. शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं तो मुंबईला आणि तिथून गोव्याला जाणार होता. सोमवारी तिथल्या एका मोठ्या क्लबच्या वीस वर्षांखालच्या संघासाठी चाचणी होती.

ही २०१६ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी तेव्हा हिंगण्याच्या एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला होतो. सकाळी नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या मैदानावर सराव करायचा, दुपारी कंपनीच्या बसनं कामाला जायचं. आमच्या नवजीवन क्लबचा मी गोलकीपर. तळ्यावरून धुकं यायचं, मैदानाची धूळ दवानं बसलेली असायची आणि त्या धुक्यातून चेंडू आधी दिसायचा, क्वाबेना मागून. आजही थंडीत पहाटे जाग आली की मला तो चेंडू आधी आठवतो.

"उन्मेष, इकडं ये," चंपतराव म्हणाले. ते क्लबचे सचिव. हिंगण्यातूनच फोरमन म्हणून निवृत्त झालेला, सहसा न घाबरणारा माणूस. त्या दिवशी त्यांनी काही न सांगता मोबाइल माझ्या हातात कोंबला.

गोव्याहून आदल्या संध्याकाळी मेल आला होता. कोणीतरी निनावी पाकिटातून त्यांना क्वाबेनाच्या दाखल्याची प्रत पाठवली होती. तुम्ही दिलेल्या प्रतीत जन्म १९९७ चा आहे, या प्रतीत १९९१ चा. पासपोर्ट दाखवू नका, तो याच कागदावर बनतो आणि त्यात आम्ही पूर्वी फसलो आहोत. सोमवारी दहा वाजता मूळ दाखला आणा, नाहीतर येऊ नका. खाली त्या प्रतीचा फोटो होता.

"म्हणजे पोट्टा पंचवीसचा दाखवला?" मी म्हणालो.

"हाव. अन् मूळ कागद गायब." चंपतरावांनी कपाटाला पाठ टेकवली. "उन्मेष, खरं सांग. तो खरंच पंचवीसचा असन तं? त्यानंच फाइल उचलली असन तं?"

दोन वर्षं मी त्या पोराबरोबर एका बाटलीतून पाणी प्यायलो होतो. तरी त्या क्षणी माझ्या तोंडून 'नाही' निघालं नाही.

२

क्वाबेना राहायचा अरुंधतीबाई खोब्रागडे यांच्या माडीवर, माझ्या शेजारच्याच घरी. अरुंधतीबाईंनी एकतीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर काढली होती. अर्ध्या सक्करदऱ्याचा जन्म त्यांच्या अक्षरात लिहिलेला. त्यांना प्रत्येक तारखेबरोबर वार म्हणायची सवय होती. ती त्यांच्या वडिलांची देणगी. वडिलांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली, तेव्हापासून ते घरात नेहमी म्हणायचे, "चौदा ऑक्टोबर, रविवार." नुसती तारीख म्हणजे अर्धी गोष्ट, असं त्यांचं मत.

मी पोचलो तेव्हा बाई अंगणात उन्हाला बसून संत्रं सोलत होत्या. माझं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि माडीकडे पाहून हाक मारली. क्वाबेना खाली आला. एक हात कठड्यावर ठेवून, एकेक पायरी करत. एरवी तो तीन पायऱ्या एका उडीत यायचा. बातमी त्याच्यापर्यंत आधीच पोचली असावी, असं मला वाटलं.

त्यानं मेल वाचला आणि मोबाइल अलगद ओट्यावर ठेवला.

"मी खोटा नाही, बाई," तो म्हणाला. त्याची मराठी मैदानावर शिकलेली, आमच्याच वळणाची. "मले अठरा पुरे झाले. मार्चमध्ये एकोणीस."

"बस तू," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा चढवला आणि फोटो बोटांनी मोठा केला. "उन्मेष, हे बघ. अकरा, तीन, एकोणीसशे एक्क्याण्णव. अकरातले दोन एक कसे आहेत?"

"ताठ."

"एकोणीसमधला?"

"तोही ताठ."

"अन् शेवटचा?"

शेवटचा एक तिरपा होता, वाऱ्यात कललेल्या खांबासारखा.

"हा एक नाहीच. हा इंग्रजी सात आहे. वरची आडवी रेघ व्हाइटनरनं पुसली अन् पुन्हा झेरॉक्स काढली. शाळेच्या प्रवेशाच्या दिवसांत असे चार-सहा कागद रोज येत माझ्याकडं."

"पण बाई," मी खालच्या आवाजात म्हणालो, "उलटंही असू शकते ना? मुळात एक होता अन् कोणी त्याचा सात केला?"

क्वाबेनानं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. त्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागली.

बाई त्याच्याकडे वळल्या. त्यांनी त्याला विचारलं, "काय गा, पोट्टे तुले मंगळ्या काहून म्हणतात?"

"अश्विननं ठेवलं. मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना. आमच्याकडं वारावरून नाव राहते. मंगळवारी पोरगा झाला तर क्वाबेना. घरोघरी असते."

"अन् सोमवारी झाला तर?"

"क्वाजो. माझा मोठा भाऊ क्वाजो आहे."

बाईंनी डोळे मिटले. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरू लागला. मी मोबाइलवर कॅलेंडर मागे सरकवत होतो. मी पोचायच्या आत त्या म्हणाल्या, "अकरा मार्च सत्त्याण्णव, मंगळवार. अकरा मार्च एक्क्याण्णव, सोमवार."

कॅलेंडरनंही तेच सांगितलं.

"एक्क्याण्णवमध्ये जन्मला असता तर आईनं याले क्वाबेना म्हटलंच नसतं," बाई म्हणाल्या. "पोरगा खरा आहे. मग खोटं कोण बोलून राहिलं?"

३

कपाटाची किल्ली दारामागच्या खिळ्याला टांगलेली असायची. ते ठाऊक असलेली माणसं पाचच.

चंपतराव. आमचा एकेकाळचा कप्तान आणि पुढच्या फळीतला खेळाडू अश्विन बोरकर, ज्याची जागा क्वाबेनानं घेतली होती. विक्की, ज्यानं क्वाबेनाला दिल्लीहून नागपुरात आणलं. आमचे प्रशिक्षक बापूजी सहारे.

"आणि पाचवा?" मी विचारलं.

"तू," बाई शांतपणे म्हणाल्या. "या रविवारी तुमची लीगची फायनल आहे. तो शनिवारी गेला तर गोल कोण मारन? थांबला तर तुमचाच फायदा."

माझा चेहरा पाहून त्या हसल्या. "तुले धरत नाही मी. तुले तर तो पंचवीसचा वाटून राहिला होता. ज्यानं कागद बनवला त्याले तशी शंका येणारच नाही."

त्यांनी एकच अट घातली. सगळ्यांना इतकंच सांगायचं, की वयाबद्दल तक्रार आली आहे आणि फाइल सापडत नाही. त्या कागदावर कुठलं साल आहे, तो किती वर्षांचा दाखवलाय, हे चंपतराव, मी, क्वाबेना आणि त्या सोडून कोणालाही कळता कामा नये. चंपतरावांकडून मी तसं वचन घेतलं.

मला मात्र चोर माहीत होता. सोमवारी सरावानंतर मी अश्विनला त्या कपाटापाशी एकटा पाहिलं होतं.

४

अश्विन आम्हाला मैदानाबाहेरच्या तर्री-पोह्याच्या गाड्यावर सापडला. या गाड्यावर क्वाबेनाचं नाव मोठं होतं. पहिल्या दिवशी त्यानं लालभडक तर्री दोनदा मागून घेतली होती आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला होता, "आईच्या हातचं." गाडीवाल्या धोंडबानं तेव्हापासून त्याच्यासाठी वेगळी वाटी ठेवली.

मी बाईंना बोलू दिलं नाही. सरळ अश्विनची कॉलर धरली. "सोमवारी कपाटातून काय काढलं बे तू?"

"पायाची पट्टी! सोड, उन्मेष."

"फाइल कुठाय?"

"कोणती फाइल?" त्यानं माझा हात झटकला. मी सांगितलं तसा त्याचा चेहरा उतरला. मग तो हसला, पण ते हसू कडू होतं. "अन् तुले वाटलं मी. वाटणारच. दोन वर्षांपासून बाकड्यावर बसून राहिलो ना मी. कितीचा दाखवला त्याले? तीसचा?"

"ते सोड. फाइल तू काढली की नाही?"

"डोकं चालव ना बे. तो शनिवारी गेला तर फायनल कोण खेळन? मी. माझा बाप येणार आहे खापरखेड्याहून, मॅच पाहाले. त्याले थांबवून मले काय भेटन?" त्यानं हातातली प्लेट गाड्यावर ठेवली. निम्मे पोहे तसेच होते. "मी तर देवाले म्हणून राहिलो होतो, की जाऊ दे रे त्याले. चांगला जाऊ दे. पण जाऊ दे."

तो निघून गेला. धोंडबा माझ्याकडे पाहत राहिला. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

"खरं बोलला तो," परतताना बाई म्हणाल्या. "अन् कामाचं बोलला. वीस वर्षांखालची अट गोव्याले आहे. तुमच्या लीगले नाही. म्हणजे त्या कागदानं क्वाबेनाचं खेळणं थांबत नाही, फक्त जाणं थांबते. ज्याले त्याचा राग आहे, त्याचं हे काम नाही. ज्याले तो इथंच पाहिजे, त्याचं आहे."

५

विक्कीचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. बाईंना पाहताच तो स्टुलावरून उठला.

"बाई, मले ठाऊक आहे तुम्ही काहून आल्या. पण मी नाही."

"चंपतराव सांगत होते, मंगळवारी कपाट उघडलं होतं ना तू?"

"हाव. पासपोर्टची झेरॉक्स ठेवाले. फाइल तेव्हाच नव्हती. मले वाटलं चंपतराव घरी घेऊन गेले." त्यानं पेचकस खाली ठेवला. "हे बघा, मी त्याले कलकत्त्याच्या क्लबचं सांगून घानाहून बोलावलं होतं. मले एकानं सांगितलं, मी त्याले सांगितलं. कलकत्त्यात तसा क्लबच नव्हता. दिल्लीच्या स्टेशनवर हा पोरगा बूट गळ्यात बांधून बसला होता, अन् मले पाहून हसला. मले वाटलं जमीन फाटावी. म्हणून इथं आणला. दोन महिने याच माळ्यावर झोपला तो." त्यानं वर बोट दाखवलं. "तो गोव्याले गेला तर माझ्या डोक्यावरचं ओझं उतरते. मी काहून अडवू? कितीचा दाखवला? बावीस-तेवीसचा?"

"फाइल मंगळवारी नव्हती, हे नक्की?"

"नक्की."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "उरले चंपतराव."

"चंपतरावांनी स्वतः गोव्याले पत्र लिहिलं, स्वतः मागे लागून चाचणी मिळवली. त्यांना थांबवायचं असतं तर पत्रच लिहिलं नसतं."

"मग?"

"बापूजींकडं जाऊ."

मला हसू आलं. बापूजी सहारे चौसष्ट वर्षांचे. खेळाच्या कोट्यातून खापरखेड्याच्या वीज केंद्रात लागले, तिथून निवृत्त झाले आणि आता सकाळ-संध्याकाळ आमच्या मैदानावर. क्वाबेनाला डाव्या पायानं मारायला त्यांनी शिकवलं. सराव संपला की सगळी पोरं पांगायची आणि हे दोघं रिकाम्या गोलसमोर पन्नास-पन्नास चेंडू मारत राहायचे. बापूजींवर संशय घ्यायचा म्हणजे क्वाबेनाच्या आईवर घेण्यासारखं होतं.

६

शुक्रवारी सकाळी बापूजी तळ्याकडच्या बाकावर उन्हात बसले होते. सराव चालू होता आणि क्वाबेना एकटाच मैदानाबाहेर, दोन्ही पाय पसरून बसलेला. त्याला कोणी खेळायला बोलावत नव्हतं. पोरांमध्ये कुजबुज सुरू झाली होती.

बापूजींनी बाईंसाठी बाकावरची जागा झटकली. त्यांना ऐकू नीट येत होतं, तरी ते उत्तर द्यायला वेळ घेत होते.

"मी चौऱ्याहत्तर साली कलकत्त्याले गेलो होतो, बाई. ठाऊक आहे ना? बावीस वर्षांचा होतो. स्टेशनवर बँड आणला होता पोट्ट्यांनी. चार महिन्यांत परत आलो. घुटना गेला." त्यांनी उजवा पाय सरळ केला. "अजून पायरी चढताना कट कट वाजते."

"क्वाबेनाच्या फाइलीचं काय झालं असन, बापूजी?"

"मले काय ठाऊक. कोणीतरी जळणारा असन." ते मैदानाकडे पाहत राहिले. "पण तक्रार खोटी आहे, लिहून देतो. मी चाळीस वर्षं पाय पाहून राहिलो. पंचवीस वर्षांच्या माणसाचे घुटने असे राहत नाहीत. वासराचे घुटने आहेत त्याचे."

सगळ्या क्लबमध्ये त्याच्या बाजूनं बोलणारा हा एकच माणूस. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर सावरला, "येते बापूजी," म्हणाल्या आणि उठल्या.

तळ्याच्या कडेनं आम्ही अर्ध्या वाटेवर आलो, तेव्हा त्या थांबल्या.

"अश्विन काय म्हणाला होता? कितीचा?"

"तीसचा."

"विक्की?"

"बावीस-तेवीसचा."

"ज्याले ठाऊक नाही, तो अंदाज करते. विचारते तरी. बापूजींनी विचारलं नाही अन् अंदाजही केला नाही. पंचवीस, म्हणाले."

मी तिथल्या तिथं चंपतरावांना फोन लावला. त्यांनी शपथ घेतली, की साल किंवा वय त्यांच्या तोंडून निघालेलं नाही. क्वाबेनानं तर गुरुवारपासून कोणाशी शब्दच काढला नव्हता.

"असं होऊच शकत नाही," मी म्हणालो. "त्यांचा त्या पोरावर सगळ्यात जास्त जीव आहे, बाई."

"म्हणूनच म्हणते. ज्याले तो इथंच पाहिजे." त्या पाण्याकडे पाहत होत्या. "पण एक गोष्ट मले अजून समजत नाही. नुसतं जवळ ठेवायचं म्हणून इतका भला माणूस इतकं वाईट काम करणार नाही. दुसरं काहीतरी आहे. अन् ते माझ्या घरातच आहे, माझ्या जिन्यावर."

७

शनिवारी सकाळी आम्ही बापूजींच्या खोलीवर गेलो. बाईंनी क्वाबेनालाही सोबत घेतलं होतं. कशासाठी, ते त्याला सांगितलं नव्हतं.

बापूजींनी दार उघडलं. आम्हा तिघांना पाहिलं आणि आत जाऊन गादीखालून हिरवी फाइल काढून आणली. ती त्यांनी बाईंच्या हातात दिली. क्वाबेनाच्या हातात द्यायचं धैर्य त्यांना झालं नसावं.

क्वाबेना दारातच उभा राहिला. "तुम्ही?" इतकंच म्हणाला.

"बापूजी," बाई म्हणाल्या, "तुम्ही सांगता की मी सांगू? हा पोरगा तीन आठवड्यांपासून माझा जिना एकेक पायरीनं उतरून राहिला. मेल तर बुधवारी आला. दुःखानं कोणी आधीपासून लंगडत नाही."

क्वाबेनाची मान खाली गेली.

"त्याचा डावा घोटा संध्याकाळी भाकरीसारखा फुगते," बापूजी म्हणाले. "पट्टी घट्ट बांधून, वर दोन मोजे घालून खेळते. मी पाहिलं. दवाखान्यात चल म्हटलं. त्यानं माझे पाय धरले. म्हणाला, कोणाले सांगू नका, गोव्याची चाचणी जाईल. माझ्याकडून शब्द घेतला. मी दिला." त्यांनी भिंतीला हात टेकवला. "काहून दिला, मले ठाऊक नाही. दिला."

"मग तसं चंपतरावांना सांगायचं होतं," मी म्हणालो. "हा कागद काहून?"

"शब्द मोडला असता तर तो पुन्हा माझ्याशी बोलला नसता. मले वाटलं, कागदामुळं एक चाचणी जाईल, त्याले आराम भेटन. नंतर फाइल सापडली म्हणून काढून देऊ, पुढच्या वर्षी जाईल. पोट्टे त्याले खोटारडा म्हणतीन, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कालपासून पाहून राहिलो. कोणी पासही देत नाही त्याले."

मग बापूजी खाटेवर बसले आणि क्वाबेनाकडे पाहून बोलू लागले. आम्ही दोघं तिथं नसल्यासारखे.

"मी साऱ्या नागपूरले सांगत आलो, का कलकत्त्यात मले मोडलं. कोणी मोडलं नाही गा मले. सरावात घुटना मुरगळला होता. थोडासा. मी लपवला. परत पाठवतीन म्हणून लपवला. स्टेशनवर बँड वाजला होता ना, मग परतणार कसा? सहा आठवडे लपवून खेळलो. एक दिवस साधा वळलो, कोणी जवळ बी नव्हतं, अन् आतून आवाज आला. त्या आवाजानंतर मी पुन्हा मॅच खेळलो नाही. त्यांच्या डॉक्टरनं विचारलं, आधी काहून नाही सांगितलं? मी भिंतीकडं तोंड फिरवलं. चाळीस वर्षांत मी हे माझ्या बायकोले बी सांगितलं नाही."

क्वाबेनानं दाराची चौकट सोडली. मग तो वळला आणि जिना उतरून गेला. एकेक पायरी करत. या वेळी त्यानं लंगडणं लपवलं नाही.

८

त्याच दुपारी अरुंधतीबाईंनी त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. घोट्याचा स्नायुबंध अर्धा फाटला होता. डॉक्टर म्हणाले, सोमवारी खेळला असतास तर पूर्ण फाटला असता. सहा आठवडे मैदान बंद.

संध्याकाळची गाडी त्याच्याशिवाय गेली.

बापूजींनी गोव्याला स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. बनावट प्रत मी केली, मुलाचा दोष नाही, आणि त्याचा पाय दुखावलेला आहे. चंपतरावांनी ते मूळ दाखल्याच्या फोटोसह मेलवर पाठवलं. मंगळवारी दोन ओळींचं उत्तर आलं. एप्रिलमध्ये दुसरी चाचणी आहे, खेळाडूनं मूळ कागद आणि डॉक्टरांचा दाखला घेऊन यावं. प्रशिक्षकाबद्दल त्यांनी काही लिहिलं नव्हतं. बापूजींनी त्याच दिवशी क्लब सोडला. चंपतरावांनी त्यांना अडवलं नाही.

फायनल अश्विन खेळला. त्याआधी सगळ्या संघासमोर मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "बूट बांध, उशीर होऊन राहिला." त्यानं एक गोल मारला, त्याचा बाप जागेवरून उठून नाचला. शेवटी पेनल्टीवर आम्ही हरलो. तीन पेनल्टी माझ्या हाताखालून गेल्या. क्वाबेना कुबड्या घेऊन रेषेबाहेर बसला होता आणि सगळ्यात मोठ्यानं ओरडत होता.

बापूजींशी तो बोलला नाही. एक आठवडा, दोन, तीन. बाई म्हणायच्या, त्याच्या मनाचं ऊन त्याच्या वेळेनंच चढन. मार्चच्या शेवटी एकदा मी त्याच्यासोबत तळ्याकाठी चालायला गेलो होतो. त्या बाकावर बापूजी बसले होते. आम्हाला पाहून ते उठून जाऊ लागले. क्वाबेनानं त्यांना हातानं थांबवलं, शेजारी बसला, बूट काढला, मोजा काढला आणि डावा पाय सरळ त्यांच्या मांडीवर ठेवला.

बापूजींनी दोन्ही अंगठ्यांनी घोटा चाचपला. इकडून, तिकडून. खूप वेळ.

"बरा आहे," ते म्हणाले. "उजव्यापेक्षा अजून जरा नरम आहे."

"मग सांगा काय करू," क्वाबेना म्हणाला.

एप्रिलमध्ये तो गेला. स्टेशनवर आम्ही सगळे होतो, अश्विनसुद्धा. बँड नव्हता. गाडी हलली तेव्हा बापूजी खिडकीसोबत चार पावलं चालले. "दुखलं तर सांगजो गा," एवढंच म्हणाले.

गोव्यात तो निवडला गेला. तीन मोसम तिथं खेळला, मग बेल्जियमच्या दुसऱ्या श्रेणीतल्या एका क्लबनं त्याला नेलं. तिथं मोठं नाव झालंय असं नाही, पण दर आठवड्याला खेळतो, गोल मारतो. दर रविवारी सकाळी बापूजींना त्याचा फोन यायचा. त्यात मॅचचं फारसं नसायचं. उजवा घुटना, डावा घुटना, घोटे, मांडीचा स्नायू, एकेक करून तो सगळं सांगायचा आणि बापूजी डोळे मिटून ऐकायचे. मध्येच थांबवून विचारायचे, जिना उतरताना दुखते का? बर्फावर पळवतात का तुले? अरुंधतीबाई गमतीनं म्हणायच्या, माझ्या रजिस्टरातसुद्धा कोणाची इतकी नोंद नाही.

बापूजी तीन वर्षांपूर्वी गेले, झोपेतच. त्यानंतरच्या रविवारी माझा फोन वाजला.

"उन्मेष भाऊ," पलीकडून आवाज आला. मागं कुठंतरी वारा वाहत होता. "उजवा घुटना ठीक आहे."

मला पायातलं काही कळत नाही. मी गोलकीपर, आणि आता तोही नाही. पण मी खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, "हाव. अन् डावा?"